शेक आणि रोज

किरणोपचारांना आमच्याकडे शेक म्हणतात. गगनबावड्यापासून कळ्यापर्यंत कोणत्याही वस्तीत विचारा. 'रेडिएशन' हा शब्द डॉक्टरांच्या कागदावरच राहतो. लोकांच्या तोंडी शेक असतो, नाहीतर 'लाईट द्यायला नेलंय' असे असते. हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. या उपचारात उष्णता जवळजवळ नसतेच. तोंडाच्या कर्करोगाला सात आठवड्यांत मिळून जेवढी मात्रा देतात, तेवढी सगळी एकदम शरीराच्या त्या भागात ओतली, तरी तिथले तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागानेही वाढणार नाही. चहाचा एक घोट त्याहून अधिक उष्णता देतो. तरीही मी या लेखात शेक हाच शब्द वापरणार आहे. ज्यांना हा उपचार घ्यावा लागतो त्यांचा तो शब्द आहे, आणि जे मला सांगायचे आहे ते त्यांच्या बाजूने सांगायचे आहे.

२०१९ च्या जुलैमध्ये आमच्या वस्तीतल्या एका आक्काला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी पंचवीस शेक सांगितले होते. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. ती पहाटेच्या एस.टी.ने जायची आणि तिसऱ्या प्रहरी परत यायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पंधरा झाले. मग पंचगंगेचा महापूर आला. नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरच्या रस्त्यावर मांडुकली, लोंघे, किरवे या गावांजवळ कुंभीचे पाणी दरवर्षीच येते, त्या वर्षी ते हटेनाच. शेकाचे आठ दिवस गेले. पाणी उतरल्यावर मी तिला म्हणालो, आक्का, उद्यापासून जायला हवे. ती म्हणाली, "मास्तर, अंगावरचं जायाचं थांबलंय. आता बरं वाटतंया. मग कशाला जायाचं? भांगलणीला बाया मिळंनात, रोज बुडतोय."

मला तिला उत्तर देता आले नाही. मी पदवीधर, शिक्षक, चळवळीत वीस वर्षे घालवलेला माणूस. आणि पंचवीस शेक का, वीस का नाहीत, एकदम एक मोठा का नाही, हे मला ठाऊक नव्हते. जिथे ती उपचार घेत होती तिथेही तिला ते कोणी सांगितले नव्हते. कार्डावर तारीख पडायची, शिक्का बसायचा, दार बंद व्हायचे, दार उघडायचे. तिचा प्रश्न अडाणी नव्हता. अडाणी आम्ही होतो. ते उत्तर मी नंतर शोधले. ते कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे म्हणून हा लेख.

आधी शेक म्हणजे काय ते पाहू. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम शोधले. हे किरण मांसातून आरपार जातात आणि जाताना पेशींच्या केंद्रातल्या डी.एन.ए.चे धागे तोडतात, हे लवकरच कळले. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना तुटलेला धागा दुरुस्त करण्याची फुरसत मिळत नाही. विभागायला गेल्या की त्या मरतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. निरोगी पेशींनाही इजा होते, परंतु त्यांच्याकडे दुरुस्तीची यंत्रणा बऱ्यापैकी शाबूत असते. काही तासांत त्या स्वतःला सावरतात. या दोहोंतल्या फरकावर हा सगळा उपचार उभा आहे. किरण चांगल्या पेशीला ओळखत नाही आणि वाईट पेशीलाही ओळखत नाही. सावरण्याच्या क्षमतेत तफावत आहे, एवढ्याचाच फायदा घ्यायचा.

यंत्रे दोन प्रकारची. जुने ते कोबाल्टचे. १९५१ मध्ये कॅनडात ते पहिल्यांदा माणसांसाठी वापरले गेले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच धर्तीवर 'भाभाट्रॉन' नावाचे देशी यंत्र तयार केले. कोबाल्ट स्वतःच किरण सोडत राहतो, त्याला वीज फारशी लागत नाही. मात्र सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो आणि तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला दुप्पट वेळ टेबलावर पडून राहावे लागते. दुसरे यंत्र लिनिअर अॅक्सिलरेटर. ते विजेवर चालते, किरण अधिक नेमके टाकते, किंमत कित्येक पटींनी जास्त आणि बिघडले की दुरुस्तीला माणूस लांबून येतो. दोन्हींत रुग्णाला काही जाणवत नाही. दुखत नाही, भाजत नाही. खोलीत तो एकटा असतो, बाहेरून कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष असते, आणि काही मिनिटांत काम होते. त्याआधी स्कॅन काढून अंगावर खुणा करतात. डोक्या-मानेच्या रुग्णाला चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा जाळीदार मुखवटा करून देतात, म्हणजे रोज डोके त्याच जागी राहावे. त्या खुणा घासून धुवायच्या नसतात. त्या जागी हळद, बाम, तेल काही लावायचे नसते.

आता मूळ प्रश्न. एकदम का देत नाहीत?

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पॅरिसला क्लोद रेगो नावाच्या शास्त्रज्ञाने मेंढ्यांवर प्रयोग केले. किरणांनी मेंढा खच्ची करता येतो का, हे त्याला पाहायचे होते. वृषणातल्या बीज तयार करणाऱ्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्याने त्यांना गाठीच्या जागी धरले, आणि वरच्या कातडीला निरोगी शरीराच्या जागी. एकाच दिवशी सगळी मात्रा दिली तर मेंढा खच्ची व्हायच्या आधी कातडी जळून जाई. तीच मात्रा तुकडे करून बऱ्याच दिवसांत दिली, तर मेंढा खच्ची झाला आणि कातडीला विशेष काही झाले नाही. आमच्या तालुक्यातल्या धनगरवाड्यांवर हा प्रयोग समजावून सांगायला कोणताही तक्ता लागत नाही. रेगोचाच सहकारी कुतार याने पुढे घशाच्या कर्करोगाला तसेच तुकड्यांनी किरण दिले, आणि जो रोग शस्त्रक्रियेशिवाय बरा होत नाही असे मानले जाई तो काही रुग्णांत बरा झाला. शेकाचे तुकडे तेव्हापासून आहेत. प्रत्येक तुकड्यानंतरच्या रात्री निरोगी पेशी सावरतात, म्हणून शेक रोज एकच.

पण हे अर्धे उत्तर झाले. आक्काच्या प्रश्नाचे उत्तर उरलेल्या अर्ध्यात आहे.

भाताच्या वाफ्यात भांगलण अर्धवट सोडली तर काय होते ते आपण पाहतो. मोठे तण निघालेले असते, वाफा स्वच्छ दिसतो. परंतु जी बारीक मुळे राहिली त्यांना आता जागा मिळते, पाणी मिळते, ऊन मिळते, आणि ती पहिल्यापेक्षा जोराने वर येतात. गाठीचे हुबेहूब तसेच आहे. उपचार सुरू होऊन साधारण चार आठवडे झाले की मेलेल्या पेशींच्या जागी उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. तोंड, घसा आणि गर्भाशयाचे मुख यांच्या कर्करोगांत हे चांगले अभ्यासले गेले आहे. ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार जितके दिवस लांबेल, तितका प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याचा संभव सुमारे एक टक्क्याने घटतो. दहा दिवस म्हणजे शंभरांतली दहा माणसे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्स या संस्थेने तर अशा रुग्णांचा वेगळा वर्गच केला आहे, आणि त्यांचा उपचार दोन दिवसांपेक्षा अधिक लांबता कामा नये असे सांगितले आहे. सुट्टी आली, यंत्र बिघडले, तरी त्यांना शनिवारी बोलवा, किंवा सहा तासांचे अंतर ठेवून दिवसातून दोनदा द्या.

म्हणजे शेकात जितके औषध किरण आहे तितकेच दिनदर्शिका आहे. गोळी दोन दिवस उशिरा घेतली तर पोटात तीच गोळी जाते. शेक दोन दिवस उशिरा घेतला तर तो शेक तोच राहत नाही. अंगावरचे जाणे थांबणे हे तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच होते. गाठीच्या वरच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्त थांबते. रोग गेलेला नसतो, रोगाची खूण गेलेली असते. नेमकी याच वेळी बाई म्हणते, बरे वाटते.

सगळ्या कर्करोगांना एकच शेक लागू नाही. वस्तीत एकाने घेतलेला उपचार दुसऱ्याला सांगितला जातो आणि त्यातून मोठे घोटाळे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या वस्त्यांत उशिरा कळतो. पाळी गेल्यावर पुन्हा दिसू लागणे, संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारा पांढरा स्राव या गोष्टी बाई सासूला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुष डॉक्टर असला तर त्यालाही सांगत नाही. कळतो तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ गेलेली असते. पण उपचाराची वेळ गेलेली नसते, हे ठासून सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या ८५० स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता शेक घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ४४ स्त्रिया पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या. शेकाबरोबर आठवड्याला सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन घेतलेल्यांत हा आकडा ५२ होता. इतक्या पुढे गेलेल्या रोगातही निम्म्या स्त्रिया जगतात. 'आता काय उपयोग' असे म्हणणारा शहाणा प्रत्येक वस्तीत असतो. त्याला हा आकडा सांगावा.

या रोगात बाहेरून पंचवीस शेक झाले की काम संपत नाही. त्यानंतर आतून शेक द्यावा लागतो. पोकळ नळ्या गर्भाशयात आणि योनिमार्गात बसवून त्यांतून तारेच्या टोकाला असलेला इरिडियमचा तांदळाएवढा कण काही मिनिटे गाठीजवळ नेतात. असे दोन ते चार वेळा. बाहेरून तेवढी मात्रा दिली तर मूत्राशय आणि आतडे जळतील. आतून दिली की ती गाठीवर पडते. हा आतला शेक टाळला तर बाहेरच्या पंचवीसांचे बरेचसे पुण्य वाया जाते. आणि हाच सर्वांत जास्त टाळला जातो, कारण त्याची लाज वाटते, भीती वाटते, आणि तोपर्यंत रक्त थांबलेले असते. बाहेरचा-आतला सगळा मिळून आठ आठवड्यांत व्हावा असे शास्त्र सांगते.

आणखी एक गोष्ट. किरणांचा घाव पक्का व्हायला प्राणवायू लागतो. ज्या पेशींना प्राणवायू पोचत नाही त्या अडीच-तीन पट मात्रेपर्यंत दाद देत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन खाली गेलेल्या स्त्रियांत या रोगाचा निकाल वाईट लागतो असे आढळले आहे. आपल्या बायांचे रक्त रोगाच्या आधीपासूनच कमी असते. सर्वांना वाढून उरले ते खाणारीचे रक्त कमीच असणार. म्हणजे स्वयंपाकघरातली विषमता थेट किरणांच्या खोलीपर्यंत पोचते. तंत्रज्ञाने सारख्याच मात्रेचे बटण दाबले तरी दोघींना मिळणारा उपचार सारखा होईलच असे नाही.

तोंडाच्या कर्करोगाचे मूळ आपल्याकडे तंबाखूत आहे. पुरुषांची मळलेली तंबाखू आणि गुटखा, बायांची मिश्री. भूक मारायला आणि काम रेटायला तंबाखू लागते, हे ज्याने उसाच्या सरीत दिवस काढला आहे त्याला सांगायला नको. व्यसन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्या सरीत एक दुपार काढावी. गालाच्या आतल्या गाठीला सहसा आधी शस्त्रक्रिया आणि जखम भरली की शेक. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हायला हवा. घशाच्या, स्वरयंत्राच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रियेशिवाय नुसत्या शेकाने काम होऊ शकते. सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि आवाजही वाचतो. शाहिराला, शिक्षकाला, फेरीवाल्याला आवाज वाचणे म्हणजे काय ते निराळे सांगायला नको.

या शेकाचे दिवस तीस ते पस्तीस, आणि सर्वांत कठीण. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटते. भाकरी जात नाही, तिखट जात नाही, लाळ आटते, चव जाते. पातळ पेज, ताक, अंडे, शिजवून घोटलेली डाळ यांवर राहावे लागते आणि काहींना नाकातून नळी घालावी लागते. नळी म्हणजे शेवट नव्हे. ती उपचार पुरा व्हावा म्हणून असते आणि नंतर काढतात. किडके दात शेकाच्या आधी काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर मात्र जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, म्हणून शेक घेतलेल्या माणसाने दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगितलेच पाहिजे. शेक चालू असताना तंबाखू चालूच ठेवली तर शेकाचा गुण कमी होतो.

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ जणींना शेक लागतो. गाठ तेवढी काढून स्तन राखला असेल तर बहुधा लागतोच. इथे एक चांगली बातमी आहे. पूर्वी पाच आठवडे पंचवीस शेक देत. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले की थोडी मोठी मात्रा करून तीन आठवड्यांत पंधरा दिले तरी निकाल तोच येतो. २०२० मध्ये तर पाच दिवसांत पाच शेक पुरेसे ठरू शकतात असे एका अभ्यासाने दाखवले. प्रोस्टेटच्या कर्करोगातही दिवस कमी झाले आहेत. शहरातल्या रुग्णाला ही सोय आहे. आमच्याकडच्या बाईला मात्र पाच आठवड्यांऐवजी तीन म्हणजे उपचार होणे आणि न होणे यांतला फरक. आपल्याला कमी दिवसांचा शेक चालेल का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. डॉक्टर नाही म्हणतील तर कारण सांगतील. विचारायला काय जाते?

रोग हाडात पसरून वेदना असह्य झाल्या असतील तर बरे करण्यासाठी नव्हे, वेदना थांबवण्यासाठी शेक देतात. त्याला पुष्कळदा एकच दिवस पुरतो. एका मोठ्या मात्रेचा वेदनेवरचा परिणाम दहा दिवसांच्या शेकाइतकाच असतो. हे माहीत असलेल्या घरातला म्हातारा माणूस शेवटचे महिने झोप घेऊ शकतो. रक्ताच्या कर्करोगात शेकाचे काम थोडे, मुख्य भार औषधांवर. लसिकाग्रंथींच्या गाठी शेकाने पटकन विरघळतात. काही गाठी मात्र दाद देत नाहीत.

थायरॉइडच्या कर्करोगाचा शेक पिण्याचा असतो. किरणोत्सारी आयोडीन पोटात घेतले की ग्रंथीच्या पेशी ते स्वतःकडे ओढून घेतात. या रुग्णाच्या अंगातून काही दिवस खरोखरच किरण बाहेर पडतात, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि यंत्राने मोजून सोडतात.

हा अपवाद मुद्दाम सांगितला, कारण बाकीच्या सर्व रुग्णांवर लोक तोच नियम लावतात. यंत्राखाली शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात कोणताही किरण उरत नाही. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो काय? तरीही त्याचे ताट वेगळे, कप वेगळा, अंथरूण पडवीत. लेकरांना जवळ येऊ देत नाहीत. आतला शेक घेतलेल्या बाईची तर नवऱ्यानेच खाट बाजूला केलेली मी पाहिली आहे. आणि ही आमच्याच वस्तीत, जिथे वेगळ्या कपाचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. ज्यांच्या आजोबांनी चहाच्या दुकानाबाहेर टांगलेला कप धुऊन पुन्हा टांगला, त्यांच्या नातवाने आजारी आईसाठी घरात तसाच कप ठेवावा, ही गोष्ट मला फार लागली. कर्करोग शिवण्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. उपचारानंतर काही काळाने नवराबायको म्हणून राहण्यास डॉक्टरांची हरकत नसते; उलट योनिमार्ग आखडू नये म्हणून काय करावे हे तिला सांगितले पाहिजे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. थायरॉइडच्या रुग्णाला वेगळे ठेवतात त्यालाही मोजमाप आणि तारीख असते. तारीख संपली की तो घरच्यांत परत येतो.

आता अंतराचा हिशेब. गगनबावडा ते कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. जाऊन येऊन ११०. पस्तीस शेक म्हणजे ३,८५० किलोमीटर. तेही अंग सोलवटलेल्या माणसाने, एस.टी.च्या मागच्या बाकावर. यंत्र कोल्हापुरात आहे, मिरजेत आहे, पुढे बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, पुणे-मुंबईला तर आहेच. २०११ च्या जनगणनेत पस्तीस हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या आमच्या तालुक्यात ते येणार नाही. ही मागणी मी करणारही नाही. मीटरभराहून जाड काँक्रीटच्या भिंती, किरणांचे गणित करणारा भौतिकशास्त्रज्ञ, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, दिवसाला पन्नास-साठ रुग्ण. एवढे असेल तरच ते यंत्र नीट चालते. प्रत्येक तालुक्याला यंत्र मागणारे भाषण टाळ्या घेते, पण त्यातून एकही शेक निघत नाही.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका उरला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, आणि २०२३ मध्ये मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. शेक तिच्यात बसतो. एस.टी.त कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे. मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. यंत्राचे पैसे सरकार देते, तिकिटाचे काही देते. बुडालेला रोज कोण देते? रोप लावणीचे आणि भांगलणीचे दिवस हेच आमच्याकडे बाईच्या हाती चार पैसे येण्याचे दिवस, आणि तेच पुराचे दिवस. बरोबर जाणाऱ्या माणसाचाही रोज बुडतो. पहिले दोन आठवडे उसनवारीवर निघतात. चौथ्या आठवड्यात उसने संपते, अंगातली ताकद संपते, रक्त थांबल्याने भीतीही संपते. आणि वर सांगितलेच की उरलेल्या पेशी जोर धरतात त्या चौथ्या आठवड्यातच.

यावर तोडगा नवा शोधायचा नाही. तो कोल्हापुरातच सापडलेला आहे. शाहू महाराजांना दिसले की फी माफ करून खेड्यातला मुलगा शिकत नाही, त्याला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले, मग एकेका जातीची निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शाळा होतीच; तिच्याजवळ राहता येणे हे शिक्षण ठरले. शेकाचे तंतोतंत तसे आहे. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले, जगातली उत्तम यंत्रे तिथे आली. तरी खेड्यातला गरीब रुग्ण तिथे सात आठवडे टिकतो तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांमुळे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करणारा तो झाडूवाला बाबा धर्मशाळा कशाला बांधतो हे आपण उशिरा समजलो. रुग्णालयाशेजारी चाळीस खाटा, एक चूल, आणि शेकाच्या मुदतीत रुग्णाला रोजगार हमीच्या दराने रोज; जिल्ह्याला एवढे मिळाले तर नव्या यंत्राहून अधिक माणसे वाचतील असे माझे मत आहे.

ते होईपर्यंत आम्ही काही मंडळी लहान कामे करतो. शेक सांगितला की पहिला प्रश्न विचारतो, कोल्हापुरात पावसाळ्यापुरते उतरायला नातेवाईक कोण? कार्डाची नक्कल वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलीकडे ठेवतो, आणि एक दिवस चुकला की त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना सांगतो. चुकलेला दिवस भरून काढण्याच्या युक्त्या त्यांच्याजवळ असतात, पण वेळेवर कळले तरच. भांगलणीच्या टोळीतल्या बायांनी एका बाईचा आठवड्यातला एक रोज आपसात वाटून दिला, असेही एकदा झाले.

आक्काचे आठ दिवस पाण्याने नेले आणि पाच आमच्या अज्ञानाने. नंतर ती गेली. डॉक्टरांनी दोन-तीन शेक वाढवले, आतला शेकही तिने घेतला, त्यासाठी तिच्या धाकट्या जावेने मन घट्ट करून सोबत केली. दोन वर्षे ती चांगली राहिली. नाचणी लावली, नातवाचे लग्न पाहिले. २०२२ मध्ये रोग परत आला आणि दिवाळीच्या आधी ती वारली. ते त्या तेरा दिवसांमुळेच, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. टक्केवारी शंभर माणसांची असते, एका माणसाची नसते. तिचे कार्ड माझ्याजवळ आहे. ऑगस्टच्या रकान्यात तेरा चौकोन कोरे आहेत.